बोलणं मराठीत, नडावळी कन्नडमध्ये: ग्रामसभेत गावाचं काम मंजूर करून घेताना

ग्रामसभेत तासभर बोलून गटाराचा विषय सगळ्यांना पटवला, अध्यक्षांनीही मान डोलावली, आणि सहा महिन्यांनी पंचायतीत विचारलं तर उत्तर मिळतं, ‘असा ठरावच नाही.’ बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी गावांत हे फार होतं. बहुतेक वेळा यात लबाडी नसते. बोलणं मराठीत झालेलं असतं, लिहिणारा कन्नडमध्ये लिहीत असतो, आणि लिहिलेलं वाचून घ्यायला कुणी थांबत नाही. सभेचं कामकाज ज्या वहीत उतरतं तिला आपल्याकडे नडावळी म्हणतात. पंचायतीपुरतं बोलायचं तर नडावळीत नाही ते झालंच नाही. म्हणून आपलं काम त्या वहीत नेमक्या शब्दांत कसं जाईल आणि तिथून क्रियायोजनेपर्यंत, म्हणजे वर्षाच्या कामांच्या यादीपर्यंत कसं पोचेल, एवढंच इथं सांगतो.

आधी दार बरोबर आहे का बघा

निम्मे अर्ज चुकीच्या कचेरीत पडून राहतात. गावातले गटार, अंतर्गत रस्ता, बोअरवेल आणि नळ, कचरा, पथदीप, घरपट्टी, घराचा उतारा ही कामं ग्रामपंचायतीची, म्हणजे पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) टेबलावरची. विजेचा खांब वाकला, तार लोंबली तर ते हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं काम. त्याच खांबावरचा दिवा बंद असेल तर मात्र तो पंचायतीचा. शेताची पहाणी (जमिनीचा उतारा), वारसा नोंद, उत्पन्नाचा दाखला यासाठी तलाठी आणि नाडकचेरी, म्हणजे महसूल खात्याची जवळची कचेरी. रेशनचा प्रश्न तहसीलदार कार्यालयाच्या अन्न विभागाकडे, शाळेच्या शिक्षकाचा बीईओंकडे (गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे). सगळ्यांत जास्त गोंधळ रस्त्यांचा होतो. गावाला जोडणारा रस्ता जिल्हा पंचायतीचा आहे, पीडब्ल्यूडीचा आहे की ग्रामपंचायतीचा, हे पीडीओंना आधी तोंडी विचारून घ्या. पीडब्ल्यूडीच्या रस्त्यावर ग्रामपंचायत पैसा घालू शकत नाही. तसा ठराव झाला तरी तो शिफारस म्हणूनच वर जातो. शिफारसही उपयोगी असते, फक्त ती शिफारस आहे हे माहीत असावं.

बेळगाव महानगरपालिकेत 58 वॉर्ड आहेत आणि तिथं ग्रामसभा नाही. शहरातल्यांनी आधी नगरसेवक, मग विभागाचा अभियंता, आणि अंदाजपत्रकाच्या आधी होणारी नागरिकांची बैठक गाठावी. निपाणी आणि खानापूर शहरांतही रीत साधारण हीच. खालचं बाकी सगळं ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्यांसाठी.

सभा किती, कोणत्या, आणि कोरम

कायद्याचं नाव कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज अधिनियम, 1993. त्यानुसार ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा घ्यावीच लागते. तिच्याआधी वॉर्डसभा व्हायला हवी. 2015 च्या दुरुस्तीनंतर वस्तीच्या पातळीवरही सभा आली, तिला जनवसती सभा म्हणतात. क्रम लक्षात ठेवा: वस्ती, वॉर्ड, मग गाव. तुमची मागणी वॉर्डसभेच्या यादीत नसेल तर ग्रामसभेत ती ‘नवीन विषय’ म्हणून शेवटाला ढकलली जाते आणि तोवर माणसं उठून गेलेली असतात. जांबोटी, कणकुंबीकडच्या विखुरलेल्या वाड्यांसाठी तर वस्तीची सभाच खरी. पाच-सात किलोमीटर चालून मुख्य गावच्या सभेला येणं पावसात होत नाही.

ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या एक दशांश किंवा 100, यांतला जो आकडा लहान तो. गावात 4,500 मतदार असतील तर एक दशांश 450 होतात, पण 100 जण हजर असले तरी सभा चालते. त्यात किमान 30 टक्के महिला हव्यात, म्हणजे 100 मध्ये 30. इथंच सभा तहकूब होतात. पुरुष दोनशे येतात आणि महिला बारा. ज्याला आपला विषय व्हायला हवा आहे त्याने आदल्या दिवशी बचत गटांच्या अध्यक्षांशी बोलून तीस-चाळीस जणी येतील याची सोय करावी. महिलांसाठी वेगळी महिला ग्रामसभा असते आणि मुलांसाठी मक्कळ ग्रामसभा. पाण्याची वेळ, शाळेतलं स्वच्छतागृह, अंगणवाडीची गळकी छप्परं हे विषय तिथं मांडले तर जास्त मोकळेपणाने बोलले जातात. त्या सभांचीही नडावळी होते आणि ती ग्रामसभेपुढे ठेवता येते.

सहा महिने उलटून गेले तरी सभा होत नसेल तर 10 टक्के मतदारांच्या सह्यांनी, विषय लिहून, खास ग्रामसभा मागता येते. अशा दोन खास सभांमध्ये तीन महिन्यांचं अंतर लागतं. सह्यांच्या कागदावर प्रत्येकाचा मतदार यादीतला अनुक्रमांक लिहून घ्या. नुसत्या सह्या असल्या की ‘हे मतदार आहेत कशावरून’ म्हणून अर्ज महिनाभर अडकतो.

वेळेचंही बघा. पुढच्या वर्षाची योजना करण्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. नेमकी तेव्हा बेळगाव-खानापूर पट्ट्यात भाताची सुगी असते आणि निपाणी-चिकोडीकडे ऊसतोड. सकाळी अकराची सभा ठेवली तर शिवारातली माणसं येणारच नाहीत. सभा संध्याकाळी पाचनंतर किंवा अमावास्येच्या सुट्टीला घ्यावी, असा अर्ज सप्टेंबरमध्येच द्या. पीडीओ बहुतेक वेळा ऐकतात, कारण कोरमची अडचण त्यांचीही असते.

मागणीचा कागद

तोंडी मागणी मांडा, पण हातात कागद ठेवून. दोन प्रती, वर कन्नड, खाली मराठी. कन्नड का, याचं उत्तर साधं आहे. लिहिणाऱ्याला भाषांतर करावं लागलं नाही की तुमचे शब्द जसेच्या तसे वहीत जातात. मराठीत अर्ज देण्याचा हक्क मात्र पक्का आहे. घटनेच्या 350 व्या कलमानुसार तक्रारीच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे, देशात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. ‘मराठी अर्ज घेत नाही’ असं कुणी म्हणालं तर हे कलम शांतपणे सांगा. आणि ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांत ठरलेलं आहे. ग्रामसभेची सूचना फळ्यावर मराठीतही लावावी, हा अर्ज त्या आधारावर द्यावा. म्हाताऱ्या माणसांना सभेचा दिवस कळावा, ही मागणी भांडणाची नाही.

‘गटार करून द्यावे’ एवढ्यावर अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. ठराव असा लिहून न्या:

‘वॉर्ड नं. 3 मधील मारुती मंदिरापासून मराठी शाळेच्या फाटकापर्यंत, रस्त्याच्या पूर्वेकडील बाजूस, अंदाजे 120 मीटर लांब, 45 सेंटीमीटर रुंद व 60 सेंटीमीटर खोल काँक्रीटचे गटार बांधावे, त्यावर झाकणे बसवावीत व सांडपाणी शाळेमागील ओढ्याजवळील शोषखड्ड्यात सोडावे. हे काम पुढील वर्षाच्या क्रियायोजनेत घ्यावे.’

यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. कुठून कुठपर्यंत हे नसेल तर गटार दुसऱ्याच गल्लीत होतं. बाजू लिहिली नाही तर रस्त्याच्या ज्या बाजूला विरोध कमी त्या बाजूला होतं. पाणी शेवटी कुठं जाणार हे नसेल तर काम मंजूर होऊनही साइटवर अडतं, कारण शेवटच्या घराचा मालक आपल्या दारात पाणी सोडू देत नाही. वाट खासगी जागेतून जात असेल तर मालकाचं संमतीपत्र आधीच जोडा. लांबी घरच्या घरी मोजता येते: 30 मीटरची टेप, दोन माणसं, अर्धा तास.

शब्दांची निवड पैशाशीही जोडलेली आहे. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळात पंचायतींना मिळणाऱ्या निधीपैकी 60 टक्के बांधील होता: 30 टक्के पाण्यासाठी, 30 टक्के स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के मोकळा. पंचायतीला 20 लाख आले तर 6 लाख पाण्याला, 6 लाख स्वच्छतेला आणि फक्त 8 लाख बाकी सगळ्याला. सगळं गाव त्या 8 लाखांतून रस्ता मागतं आणि स्वच्छतेचे पैसे पडून राहतात. म्हणूनच वरच्या ठरावात ‘सांडपाणी’ हा शब्द आहे. सांडपाण्याची व्यवस्था म्हणून मांडलेलं काम बांधील निधीत बसू शकतं. सभेआधी पीडीओंना एकच प्रश्न विचारा: यंदा कोणत्या खात्यात किती शिल्लक आहे आणि ते कशासाठी बांधलेलं आहे? उत्तर मिळालं की गावाच्या पाच मागण्यांतली आधी कोणती मांडायची ते आपोआप ठरतं.

सभेत, वहीजवळ

सभेच्या अध्यक्षस्थानी पंचायतीचे अध्यक्ष असतात, वहीत लिहिणारे सचिव किंवा पीडीओ. कन्नड वाचता येणारी गावातली कॉलेजची मुलगी किंवा मुलगा त्या टेबलाच्या बाजूच्या पहिल्या खुर्चीवर बसवा. शाळेत कन्नड शिकलेली ही मुलं या कामाला सगळ्यांत उपयोगी पडतात. वही हस्ताक्षरात असते. गुगल लेन्सने छापील कन्नड बऱ्यापैकी कळतं, पण घाईत लिहिलेलं हस्ताक्षर त्याला जमत नाही, तेव्हा मोबाइलवर विसंबू नका.

विषय संपला की लगेच, पुढचा सुरू व्हायच्या आत, उभं राहून म्हणा, ‘सर, ठराव ओदि हेळ्री.’ ठराव वाचून दाखवा, एवढंच. ठराव हा शब्द दोन्हीकडे तोच आहे. वाचताना कान शेवटच्या क्रियापदावर ठेवा, कारण सगळा फरक तिथं असतो:

चर्चिसलायितु: चर्चा झाली. म्हणजे काहीच ठरलं नाही.
परिशीलिसलागुवुदु: तपासून बघितलं जाईल. हेही ठरलेलं नाही.
मुंदूडलायितु: पुढं ढकललं.
तीर्मानिसलायितु: ठरवलं गेलं. आपल्याला हे हवं.
अनुमोदिसलायितु: मंजूर झालं. हेही चालेल.
सर्वानुमतदिंद: सर्वानुमते. हा शब्द आधी असेल तर उत्तम.

‘चर्चिसलायितु’वर थांबलेला ठराव हा या भागातल्या मराठी गावांचा सगळ्यांत मोठा तोटा आहे. माणसं घरी जाताना विषय झाला म्हणून समाधानी असतात आणि वहीत फक्त चर्चा असते. तसं वाचून दाखवलं तर तिथंच म्हणा, ‘चर्चा नको, तीर्मान लिहा, नाहीतर अध्यक्षांनी नाही म्हणून सांगावं.’ नकार लिहून मिळाला तरी पुढं दाद मागता येते. नुसत्या चर्चेवर मागता येत नाही.

आणखी काही शब्द ओळखीचे असले की पान चाळता येतं: कुडियुव नीरु म्हणजे पिण्याचं पाणी, चरंडी म्हणजे गटार, बीदि दीप पथदीप, रस्ते म्हणजे रस्ता, तेरिगे कर, मोत्त रक्कम, गुत्तिगेदार ठेकेदार, फलानुभवी लाभार्थी, दूरु तक्रार. कामगारी, अनुदान, बाकी, सही, दिनांक हे तर आपलेच.

घरकुलाच्या फलानुभवींची निवड ग्रामसभेतच व्हायची असते. ती यादी नावानिशी मोठ्याने वाचायला लावा, आणि वहीत शेवटच्या नावाखाली रेघ मारून घ्या. शेवटचं नाव आणि सह्या यांच्यामध्ये चार ओळींची कोरी जागा राहिली तर पुढं शंका घ्यायला वाव राहतो, आणि तो पीडीओंनाही नको असतो.

हजेरीची सही बऱ्याचदा सभा सुरू होण्याआधीच घेतात. ती फक्त हजेरी आहे. कोऱ्या पानावर सही करू नका. पानाच्या माथ्यावर तारीख आणि ‘ग्रामसभा’ लिहिलेलं आहे का बघूनच पेन टेकवा.

सभेनंतर

अर्जाची दुसरी प्रत पोच म्हणून शिक्का आणि तारखेसह परत घ्या. तिला स्वीकृती म्हणतात. चार-आठ दिवसांनी नडावळीच्या पानाची प्रत मागा. सरळ दिली तर उत्तम. नाही दिली तर माहिती अधिकार आहे, पण तिथं एक अडचण ध्यानात ठेवा. माहिती अधिकाराच्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. इथं ती कन्नड. म्हणजे 350 व्या कलमाखालचं निवेदन मराठीत चालतं, माहितीचा अर्ज मात्र मराठीत दिला तर फेटाळायला कारण मिळतं. कन्नड लिहिणारा मिळाला नाही तर हिंदीत लिहा. लिपी आपलीच आहे.

कर्नाटकात या अर्जाचं शुल्क 10 रुपये, ते पोस्टल ऑर्डरने भरता येतं. प्रतीला पानामागे 2 रुपये. एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. या शेवटच्या नियमामुळे बरेच अर्ज परत येतात. नडावळी, बिलं आणि मतदार यादी एकाच अर्जात मागू नका. ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या नडावळीची साक्षांकित प्रत’ एवढी एक ओळ पुरे. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

रोजच्या तक्रारींसाठी एवढं करावं लागत नाही. पथदीप, पाणी, स्वच्छता, उतारा यांसारख्या पंचायतीच्या सेवा ‘सकाल’ कायद्यात, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याच्या कर्नाटकाच्या कायद्यात आहेत. अर्ज दिला की 15 अंकी नंबर मिळतो. तो मिळाला नाही तर अर्ज नोंदलाच गेला नाही असं समजा आणि तिथंच मागून घ्या. ठरलेली मुदत उलटली तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, भरपाई मागता येते. रक्कम छोटी आहे, पण ती अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल व्हायची तरतूद असल्यामुळे नंबर असलेला अर्ज लवकर हलतो. खांबावरचा क्रमांक अर्जात लिहा. ‘पाटलांच्या घराजवळचा दिवा’ असं लिहिलं की वायरमन पाटील शोधत फिरतो. त्यानेही भागलं नाही तर 1902 हा राज्याचा तक्रार क्रमांक, आणि लेखी दाद तालुका पंचायतीचे ईओ (कार्यकारी अधिकारी), मग जिल्हा पंचायतीचे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) या क्रमाने. थेट सीईओंकडे गेलेला अर्ज खाली पीडीओंकडेच येतो, महिना मात्र जातो.

जमाबंदी: झालेलं काम मोजायचा दिवस

दरवर्षी 16 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर या काळात प्रत्येक ग्रामपंचायतीची जमाबंदी होते. तालुका पंचायतीकडून नेमलेलं पथक मागच्या वर्षाचा जमाखर्च, वह्या आणि झालेली कामं बघतं, तेही लोकांसमोर. गणपतीच्या धामधुमीचे दिवस असल्याने गावकरी फिरकत नाहीत, आणि पथक तासाभरात सह्या करून जातं. वर्षभरात एवढा उपयोगी दिवस दुसरा नाही. तारीख पीडीओंकडून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच काढून ठेवा.

त्या दिवशी तीन गोष्टी न्या: ठरावाची प्रत, 30 मीटरची टेप, आणि मोबाइल. कार्यालयात त्या कामाचं मोजमाप पुस्तक आणि बिल बघायला मागा. त्यात लांबी, रुंदी, खोली लिहिलेली असते. आकडे कागदावर उतरवून पथकासोबत जागेवर जा. लांबी एका टोकापासून सलग मोजा, मध्ये तुकडा सोडलेला असेल तर तो वेगळा लिहा. खोली तीन ठिकाणी मोजा: सुरुवातीला, मध्ये, शेवटी. गटार साधारण शेवटाला उथळ होतं, कारण खाली खडक लागतो आणि खोदाई सोडून दिली जाते. काँक्रीटच्या रस्त्याची जाडी मधोमध कळत नाही. ती कडेला, मातीची भराव पट्टी हाताने बाजूला करून बघायची. टेप लावलेल्या जागेचा फोटो काढताना मागे शाळेची भिंत किंवा देऊळ दिसू द्या, म्हणजे जागेबद्दल वाद राहत नाही.

आकडा जुळला नाही तर ठेकेदाराशी तिथं हुज्जत घालू नका. पथकप्रमुखांना म्हणा, ‘साहेब, बिलात 120 मीटर आहे, टेपेवर 96 भरतंय, एवढं अहवालात लिहा.’ सोबत एक पानी आक्षेप द्या: कामाचं नाव, बिलातला आकडा, मोजलेला आकडा, तारीख, हजर असलेल्या पाच जणांच्या सह्या. त्याचीही स्वीकृती घ्या. जमाबंदीचा अहवाल ग्रामसभेपुढे यायचा असतो. पुढच्या ग्रामसभेत तोच अहवाल पहिला विषय म्हणून वाचायला लावा, आणि त्यावर काय ठरलं ते वहीत उतरताना पुन्हा शेवटचं क्रियापद ऐका.